मायक्रोसिस्टिन : नावाचा घोळ आणि माशाचे यकृत

अलेक्झांड्रिना या ऑस्ट्रेलियन सरोवरावर धरलेला हिरवा तवंग गुरांना भोवल्याची नोंद १८७८ सालची. अशा तवंगातले मायक्रोसिस्टिन हे विष माशांच्या यकृताचे काय करते, याकडे लक्ष वळायला पुढे शंभरेक वर्षे गेली.

मधल्या काळात गाजले ते विषाचे नाव. १९५०च्या दशकात कॅनडात मायक्रोसिस्टिस या तवंग धरणाऱ्या सूक्ष्मजीवापासून काढलेले विष टोचल्यावर उंदीर इतके पटकन मरत, की त्याला चक्क ‘झटपट मारणारा घटक’ म्हटले गेले. पुढे हेच विष कुठे सायनोजिनोसिन झाले, कुठे सायनोव्हिरिडिन. १९८८ मध्ये ‘मायक्रोसिस्टिन’ या एकाच नावावर एकमत झाले आणि रेणूतल्या बदलत्या दोन अमिनो आम्लांची अक्षरे मागे जोडायचे ठरले. एलआर म्हणजे ल्युसीन आणि आर्जिनीन. सोय झाली खरी, पण माझ्या मते निवड फसवी होती : नावावरून विष एकट्या मायक्रोसिस्टिसचे वाटते. पण ते प्लँक्टोथ्रिक्स हा तसाच दुसरा सूक्ष्मजीवही बनवतो, आणि त्याची लालसर जात पृष्ठभागावर न येता खोलवर राहू शकते. वरून पाणी नितळ, खाली विष! शिवाय ज्याला आपण सर्रास शेवाळ म्हणतो, ते मुळात जिवाणू.

यकृतच का, याचा उलगडा १९९०च्या सुमारास झाला. पित्तक्षार आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांवाटे विष यकृतपेशीत शिरते आणि प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारी पीपी१ व पीपी२ए ही विकरे बंद पाडते. फॉस्फेट साचत जाते, पेशीचा सांगाडा ढासळतो. सूक्ष्मदर्शकाखाली कार्प माशाच्या यकृतात हे स्पष्ट दिसते : एकमेकींना चिकटलेल्या पेशी सुटतात, गोल होतात, केंद्रक आक्रसते. ट्राउटपेक्षा कार्पला तोंडावाटे गेलेले विष जास्त बाधते. पोटात टोचून केलेल्या जुन्या प्रयोगांवर म्हणूनच माझा फार भर नाही. तळ्यातल्या माशाला कोणी सुई टोचत नाही.

माशाकडे बचावही आहे : पेशीतला ग्लुटाथायोन हा छोटा रेणू विषाला जोडला जातो आणि विषाचा जोर कमी होतो. साठा संपला की मात्र ऑक्सिडीकरणाचा मारा वाढतो.

मोजणीचा वाद अजून मिटलेला नाही. काही तासांत विषाचा बराच भाग त्या विकरांना पक्का चिकटतो आणि विष काढायला वापरतात त्या मिथेनॉल या द्रावकाने सुटत नाही. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने काढलेला यकृतातला आकडा फक्त मोकळ्या विषाचा असतो.