साळिंदर काटे फेकून मारत नाही

“साळिंदर दुरूनच बाणासारखे काटे फेकतं,” हा समज यावल-चोपड्याच्या शिवारात फार जुना आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही.

काटा म्हणजे जाड, कडक झालेला केसच. कातडीखालचे स्नायू तो उभा करू शकतात, फेकू शकत नाहीत. धोका वाटला की साळिंदर शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं आणि पाठमोरं अंगावर येतं. टेकताच सैल काटे रुततात. अंग झटकताना एखादा गळूनही पडतो, त्यातूनच हा समज झाला असावा.

जुन्या शिकाऱ्यांना वाघ-बिबट्यांच्या पंजांत नि तोंडात काटे सापडत, कारण झडप पंजा-तोंडानेच घातलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी कुत्र्याला काटे लागले तर नीट बघा: बहुतेक थोबाडात, छातीत, पुढच्या पायांत असतील. आणि ते घरी उपटू नका, गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.