शरीर-ओळख, बालवयातील

साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या शरीराचे अवयव, त्यांची कामे आणि पचन, श्वसन, रक्ताभिसरण यांसारख्या संस्थांची ओळख करून देणे, हा बालशिक्षण आणि प्राथमिक शिक्षणाचा एक भाग आहे. अंगणवाडीत तो बडबडगीतांतून आणि रोजच्या स्वच्छतेतून सुरू होतो. बालभारतीच्या पुस्तकांत तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ या विषयात तो धडे म्हणून येतो.

महाराष्ट्रात या कामाला जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू झाले, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. या शिक्षणात हात-पाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे यांना अभ्यासाइतकेच स्थान होते. नख कापताना दुखत नाही आणि बोट दाबले की दुखते, एवढ्यावरूनही मुलांशी बरेच बोलता येते.

शाळेत येण्याआधीच मुलांनी शरीराबद्दल आपापली उत्तरे तयार केलेली असतात. चिकूची बी गिळली तर पोटात झाड उगवेल, उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतेय, मेंदू फक्त अभ्यासासाठी असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान केरी यांनी १९८५ मध्ये असे मांडले की लहान मुले शरीराच्या क्रियांचा अर्थ माणसाच्या इच्छेतून लावतात : भूक लागते म्हणून आपण खातो, यापुढे त्यांचे स्पष्टीकरण जात नाही. जपानी संशोधक कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांना मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलांतही वेगळा विचार दिसला. अन्नातून आणि हवेतून शरीर काहीतरी जीवनशक्ती घेते आणि तिच्या बळावर वाढते, असे ती मुले मानत होती. शिक्षकाला ही दुसरी बाजू फार उपयोगी पडते. ‘शक्ती’ ही मुलाचीच कल्पना धरून ती अन्न आणि रक्तापर्यंत नेता येते. चुकीची म्हणून पुसून टाकावी लागत नाही.

खरी अडचण अवयवांच्या नावांत नाही. विज्ञानशिक्षणाचे ब्रिटिश संशोधक मायकेल रीस, स्यू डेल टनिक्लिफ आणि सहकाऱ्यांनी अकरा देशांतील सात आणि पंधरा वर्षांच्या मुलांकडून ‘तुमच्या आत काय आहे’ याची चित्रे काढून घेतली. मुलांना अवयव बरेच माहीत होते, पण ते एकमेकांना जोडून संस्था कशी बनते, हे फार थोड्यांना दाखवता आले. आपल्याकडे भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून ‘हे जठर, हे यकृत’ म्हणवून घेण्याची पद्धत याच उणिवेत भर घालते. नावे पाठ होतात, रस्ता कळत नाही.

रस्ता शिकवायचा तर भाकरीचा एक घास पुरतो. मुलांना तो गिळू न देता शांतपणे चावत राहायला सांगावे. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले विकर (पचन घडवणारे एन्झाइम) पिठातल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणजे पचन पोटात नव्हे, तोंडातच सुरू झाले, हे मुलाला जिभेवर कळते. मग त्याच घासाबरोबर पुढे जायचे : अन्ननलिका, जठर, सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे. वर्गात तेवढी सुतळी मोजून ती घडी घालत मुलाच्या पोटापुढे धरली की एवढे आतडे आत कसे मावते, हा प्रश्न मुलेच विचारतात. आतड्यातून अन्नरस रक्तात गेला की पचनसंस्था रक्ताभिसरणाला जोडली जाते.

हृदयाचेही तसेच. मनगटावर नाडीच्या जागी मातीची छोटी गोळी चिकटवून तीत काडी खोचली की काडी ठोक्याबरोबर हलते. दोरीवरच्या उड्या मारून पुन्हा पाहिले की ती भरभर हलते, आणि श्वासही वाढलेला असतो. एका कामासाठी दोन संस्था एकत्र धावल्या, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. कागदाची सुरळी मित्राच्या छातीला लावूनही ठोके ऐकू येतात. १८१६ मध्ये फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी अशीच सुरळी वापरली आणि तीतून स्टेथोस्कोप जन्माला आला.

फुप्फुसांसाठी बुडाशी कापलेली बाटली आणि दोन फुगे यांची प्रतिकृती सर्वत्र चालते. टाकाऊ वस्तूंपासूनच्या अशा विज्ञान खेळण्यांचा प्रसार अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून केला. खालचे रबर ओढले की आतला फुगा फुगतो, त्यामुळे श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचे, काम नेमके दिसते. पण फुप्फुस आतून पोकळ नसून स्पंजासारखे असते, हे तोंडी सांगितलेच पाहिजे. चित्रांतल्या निळ्या रक्ताचेही तसेच : शिरांतले रक्त गडद लाल असते, निळा रंग केवळ ओळखण्यासाठी दिलेला असतो.

शाळेच्या वर्षात काही दिवस या विषयासाठी जणू राखूनच ठेवलेले आहेत. २०१५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत गोळी दिली जाते. ती नुसती वाटून मोकळे होण्याऐवजी, जंत आतड्यात राहून आपल्या वाट्याचे अन्न खातात आणि मातीचे हात तोंडात गेल्याने ते आत शिरतात, एवढे सांगितले तर हात धुण्याला कारण मिळते. पहिलीच्या सुमारास वीस दुधाचे दात पडू लागतात. पडलेला दात कौलांवर फेकण्याची गंमत घरी होऊ द्यावी आणि वर्गात आरशात नव्या दाताचे टोक शोधावे.

गुप्तांगांची नावे सांगताना बहुतेक मोठी माणसे अडखळतात आणि ‘शूची जागा’ म्हणून विषय मिटवतात. ही टाळाटाळ मुलांना महागात पडते. कोपर आणि गुडघा म्हणतो त्याच आवाजात शिश्न आणि योनी हे शब्द सांगितले, तर दुखले-खुपले किंवा कोणी नको तिथे हात लावला तर मूल नेमके सांगू शकते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण त्याचा आधार मिळायला आधी मुलाला बोलता यावे लागते.

प्रत्येक शरीर सारखे नसते, हाही या शिक्षणाचा भाग आहे. नंदुरबार, गडचिरोली, पालघर अशा जिल्ह्यांतील वर्गांत सिकलसेल असलेली मुले असतात. त्यांच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हातापायांत असह्य कळा येतात. हा आजार आईवडिलांकडून येतो, शेजारी बसल्याने लागत नाही, हे वर्गातल्या सगळ्या मुलांना कळले पाहिजे. अशा मुलाला तास चालू असतानाही पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्यावे, कवायतीत दमल्यावर बसू द्यावे आणि थंडीत गार पाण्यात भिजू देऊ नये.