व्हॅक्यूम फॉर्मिंग की प्रेशर फॉर्मिंग: दाब ठरवायचा कशावरून?

तापवून मऊ केलेली प्लास्टिकची शीट साच्यात नीट बसली नाही की शेडमध्ये पहिली हाक ऐकू येते ती, "व्हॅक्यूम कमी पडतोय, अजून ओढ!" गोंधळाचं मूळ या 'ओढ' शब्दात आहे. व्हॅक्यूम काही ओढत नाही. शीट आणि साचा यांच्यामधली हवा आपण काढून घेतो, मग बाहेरची हवा शीटला साच्यावर ढकलते. प्रेशर फॉर्मिंगमध्ये शीटच्या दुसऱ्या बाजूला बंद पेटी बसवून तिच्यात कॉम्प्रेसरची हवा सोडतात. दोन्हीकडे काम ढकलण्याचंच. फरक आहे तो किती जोराने ढकलता येईल याचा.

व्हॅक्यूमला वातावरणाच्या दाबाची मर्यादा आहे. मुंबईत ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.०३ किलो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे ०.९७ किलोच्या आसपास. म्हणून पुण्यात पंप कितीही चांगला असला तरी गेजचा काटा पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. ७६० दिसत नाही म्हणून पंप दुरुस्तीला काढणारे मी पाहिले आहेत. पैसे वाया जातात.

प्रत्यक्ष शीटवर मिळणारा जोर याहूनही कमी असतो, आणि इथे पंपाने आधीच रिकामी करून ठेवलेल्या व्हॅक्यूम टाकीचा आकार महत्त्वाचा ठरतो. समजा साच्यातून १०० लिटर हवा काढायची आहे आणि टाकी २०० लिटरची, पूर्ण रिकामी केलेली. व्हॉल्व्ह उघडताच ती हवा ३०० लिटर जागेत पसरते. एक तृतीयांश दाब मागे उरतो, शीटला ढकलायला दोन तृतीयांशच मिळतो. उरलेली हवा पंप खेचेपर्यंत शीट गार पडायला लागलेली असते. टाकी १००० लिटरची असती तर मागे एक अकरांशच उरला असता. अनेक ठिकाणी 'आता प्रेशर फॉर्मिंग मशीन घ्यावं लागणार' असं वाटतं, तेव्हा खरं तर मोठी टाकी आणि जाड पाइप पुरले असते.

मग कॉम्प्रेसरचा ३ ते ६ किलो दाब लागतो कधी? बारीक गोल कोपरा, उठावाची अक्षरं, चामड्यासारखा पोत हवा असेल तेव्हा. शीट कोपऱ्यात शिरताना छोट्या फुग्यासारखी वाकते. फुगा जितका लहान, तितका तो फुगवायला दाब जास्त. जाडी आणि तापमान तेच धरलं, तर कोपऱ्याची त्रिज्या निम्मी करायला दाब जवळपास दुप्पट लागतो. फ्रिजचं आतलं अस्तर किंवा ॲक्रिलिकचा बाथटब मऊ वळणांचा असतो, तो व्हॅक्यूमवर सुरेख निघतो. वैद्यकीय यंत्राचं बाहेरचं कव्हर इंजेक्शन मोल्डिंगसारखं (वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात दाबून केलेल्या वस्तूसारखं) रेखीव दिसायला हवं असेल, तर दाबाची हवा हवी. दह्याचे पॉलिप्रॉपिलीनचे कप वितळणबिंदूच्या जरा खालीच घडवतात, त्यामुळे शीट ताठ असते आणि तिथेही व्हॅक्यूम तोकडा पडतो.

पण दाब वाढवून कोपरा जाड होत नाही. आमच्याकडे एका खोल ट्रेचे कोपरे कागदासारखे पातळ येत होते. आम्ही दाब ३ वरून ५ किलो केला, कोपरे आणखी पातळ झाले. साहजिकच आहे: बाजूच्या भिंती साच्याला टेकून गार झाल्या की तिथलं प्लास्टिक हलत नाही, कोपऱ्यासाठी उरलेला तुकडाच ताणला जातो. दाबाने तो अजून आत गेला, म्हणजे अजून ताणला. प्लगचा, म्हणजे शीटला आधी साच्यात ढकलणाऱ्या ठोकळ्याचा, आकार बदलून तो जास्त खोल उतरवला, तेव्हा माल तळाशी पोचला आणि दाब परत ३ वर आणता आला. शीट कमी तापली असेल तेव्हाही दाबाने आकार येतो, पण आत ताण अडकून राहतो आणि वस्तू गरम जागी ठेवली की वेडीवाकडी होते.

दाबाचा भार किती होतो ते एकदा कागदावर मांडाच. ५० बाय ४० सेंटिमीटरचा साचा, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटर. व्हॅक्यूमचे ०.८५ किलो धरले तर १७०० किलो. ५ किलो दाबाला पूर्ण १० टन, आणि पेटी उचलू पाहणारा हाच भार पेटी आणि साचा घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पला पेलावा लागतो. चाचणीसाठी केलेला लाकडी साचा यावर कधीही चढवू नका. पेटीतली हवा पूर्ण सुटल्याशिवाय क्लॅम्प उघडणारच नाही, असं इंटरलॉक हवंच. ते बायपास करून चालवलेल्या मशीनसमोर कुणालाही उभं करू नये.

माझी पद्धत अशी: आधी शीट सगळीकडे सारखी तापते का ते पाहायचं, मग टाकी आणि प्लग, आणि शेवटी २ किलोपासून अर्ध्या अर्ध्या किलोने वर जायचं. सर्वांत बारीक कोपरा भरला की थांबायचं. वस्तूवर साच्यातल्या हवा निघायच्या भोकांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे दिसू लागले, तर दाब जास्त झालाय किंवा भोकं मोठी आहेत. व्हॅक्यूमला चालणारं १ मिलिमीटरचं भोक इथे चालत नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवावं लागतं.