मॅसॅच्युसेट्समधलं शाळेचं मोफत जेवण: अर्ज नको, पण फॉर्म भरा

बॉस्टनच्या आसपास नव्याने आलेल्या मराठी आईबाबांचा ऑगस्टमधला ठरलेला प्रश्न: "जेवण फुकट आहे ना, मग शाळेने हा उत्पन्नाचा फॉर्म कशाला पाठवलाय?"

जेवणासाठी अर्ज नाहीच. सरकारी शाळेत किंडरगार्टन ते बारावीत नाव असलं की रोज एक नाश्ता आणि एक जेवण मोफत. पगार, व्हिसा कोणी बघत नाही. ही सोय ऑगस्ट २०२३ मध्ये कायमची झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ च्या मतदानात, लोकांनी १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर मंजूर केला होता. तो पैसा शिक्षण आणि वाहतूक यांसाठीच आहे, आणि जेवणाच्या खर्चाला त्यातूनच हातभार लागतो.

आता फॉर्म. प्रत्येक ताटामागे केंद्राकडून शाळेला पैसे येतात. कमी उत्पन्नाच्या मुलामागे जास्त, बाकीच्यांमागे थोडेच. उरलेलं राज्य भरतं. म्हणजे पात्र घराने फॉर्म टाकला नाही, तर केंद्राचे हक्काचे पैसे सुटतात आणि तेवढा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. शिवाय पात्र ठरलात तर उन्हाळी सुट्टीतल्या किराण्याची मदत आणि काही परीक्षांच्या फीमधली सवलत याच फॉर्मवरून मिळू शकते. काही शाळांत सगळ्यांनाच केंद्राच्या योजनेतून जेवण मिळतं, तिथे हा फॉर्म येत नाही.

केंद्राच्या हिशेबात, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मोफत गट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीचा. अन्नमदत म्हणजे स्नॅप घेत असाल तर केस नंबर पुरतो.

घरात मुलं कितीही असोत, फॉर्म एकच. त्यात घरातल्या सगळ्यांची नावं, कर कापण्याआधीचं उत्पन्न, सही, आणि सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे. एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या आईकडे हा नंबर नसेल तर "नंबर नाही" या चौकोनात खूण करायची. पगाराच्या स्लिपा जोडायच्या नाहीत, तहसीलदाराचा दाखला तर नाहीच! मात्र काही फॉर्म पडताळणीला काढतात. तेव्हा पत्र आलं तर उत्तर द्याच, नाहीतर फॉर्मवरची पात्रता जाते. फॉर्म दरवर्षी नवा. जुनी पात्रता नव्या वर्षात शाळेचे पहिले ३० दिवसच चालते.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला मुलाच्या शाळेतल्या जेवणाच्या खात्यावर उधारी दिसल्यावर कळली. मुलगा घरून पोळीभाजीचा डबा न्यायचा आणि शाळेत फक्त दूध उचलायचा. नुसतं दूध म्हणजे "जेवण" नव्हे, त्याचे पैसे पडतात. प्रथिनं, धान्य, फळ, भाजी, दूध या पाचांपैकी किमान तीन ताटात हवेत, त्यात फळ किंवा भाजी असायलाच हवी. आता तो चीज पिझ्झा, सफरचंद आणि दूध घेतो. सफरचंद बऱ्याचदा दप्तरातच घरी येतं.