जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात तेव्हा

डोक्याला मार लागतो, स्कॅन नॉर्मल येतो, टाके निघतात. मग जिना उतरताना माणूस कठडा घट्ट धरून थांबतो, कारण पायरी एक की दोन तेच कळत नाही. समोर पाहिलं तर सगळं ठीक. वाचायला नजर खाली गेली की ओळीवर ओळ चढते, तीही तिरकी. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो चौथ्या मज्जातंतूचा.

डोळा फिरवणारे स्नायू सहा, त्यांना हुकूम देणारे मज्जातंतू तीन: तिसरा, चौथा आणि सहावा. चौथ्याकडे एकच स्नायू, आत वळलेला डोळा खाली नेणारा. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांत हा सर्वांत बारीक, आणि मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघणारा एकटाच. म्हणून डोळ्यापर्यंत यायला त्याला कवटीत सर्वांत लांबचा वळसा पडतो. मेंदूला हिसका बसला की तो ताणला जातो. उजवा-डावा बाहेर पडता पडताच एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका फटक्यात दोन्ही दुखावू शकतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे दिसत नाही. दिसते ती कलती मान: दोन प्रतिमा जुळाव्यात म्हणून रुग्ण नकळत डोकं निरोगी डोळ्याच्या बाजूला झुकवतो. फोटोतही ते चटकन ओळखू येतं.

सहावा गेला तर डोळा बाहेर वळत नाही, लांबच्या वस्तू शेजारी शेजारी दोन दिसतात. त्याला थेट इजाच व्हायला हवी असंही नाही. कवटीतला दाब वाढला तरी पुरतं.

तिसऱ्याची गोष्ट वेगळी. पापणी पडते, डोळा बाहेर-खाली वळतो. मार लागलेल्या माणसाला गुंगी येऊ लागली आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर सरकलेला मेंदू हा मज्जातंतू दाबत असू शकतो. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

घरी एवढं पाहता येतं: कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा गेली, तर बिघाड डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकाच डोळ्याने दोन दिसत असेल, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच. पण पहिल्या प्रकारात तपासणी टाळू नये.

उपचारांत बराचसा भाग वाट पाहण्याचा. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्यात प्रिझम. सहा महिने ते वर्षभरात सुधारणा थांबली आणि मोजमाप स्थिर झालं, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिसऱ्याचे धागे मात्र पुन्हा वाढताना कधी कधी पत्ता चुकतात, चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात. मग डोळा नाकाकडे वळवला की पापणीच वर उचलली जाते.