‘अत्तिला’ हे नाव मग्यार वंशाचा पुरावा नव्हे
हंगेरीत आजही मुलांचे नाव ‘अत्तिला’ ठेवतात, यावरून हूण राजा अत्तिला हा हंगेरियनांचा पूर्वज होता असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. अत्तिला इ.स. ४५३ मध्ये वारला, तर मग्यार, म्हणजे हंगेरियनांच्या मूळ टोळ्या, कार्पेथियन खोऱ्यात (आजच्या हंगेरीच्या प्रदेशात) उतरल्या त्या ८९५च्या सुमारास, आणि दोघांचे नाते ठामपणे जोडले ते तेराव्या शतकातील बखरकारांनी. नावही बहुतेक अभ्यासकांच्या मते गॉथिक, ‘अत्ता’ म्हणजे वडील यावरून आलेले. थोर कवी योझेफ अत्तिला (हंगेरीत आडनाव आधी लिहितात) यांचा जन्म १९०५चा; लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या खेड्यातल्या कुटुंबाने ‘अत्तिला असे नावच नसते’ म्हणत त्यांना ‘पिश्ता’ करून टाकले होते, ही त्यांनीच लिहिलेली आठवण मला फार बोलकी वाटते.