घाटात ओढणारा कॅम आणि ब्रोशरवर पळणारा कॅम

वाईहून पसरणी घाट चढताना मागं डबलसीट, दोन्ही बाजूला बॅगा आणि इंजिन तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास, टूरिंगवाल्याची गाडी निम्मा जन्म अशीच काढते. तरी परफॉर्मन्स कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा, जास्त ताकदीसाठी बदलून बसवायचा दांडा) म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, हॉर्सपॉवर किती वाढणार? मी म्हणतो ते सोडा, आधी इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारं दार, बंद कधी होतं ते विचारा.

कारण असं, की सहा हजार आरपीएमला पिस्टनचा एक स्ट्रोक ५ मिलिसेकंदात उरकतो आणि तेवढ्यात सिलिंडर भरायचा असतो. हवेलाही वजन आहे, एकदा पळायला लागली की ती चटकन थांबत नाही, म्हणून पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक थोडा वेळ उघडाच ठेवतात. सातारा स्टँडवर गर्दीचा रेटा असला की एसटीचं दार जरा उशिरा लावलं तरी आणखी चार जण आत घुसतात, रेटा नसला तर आतलेच खाली उतरायला लागतात, तसंच हे. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम दार उशिरा लावतो. वरच्या आरपीएमला रेटा असतो म्हणून फायदा, पण तीन हजारला पिस्टन आत आलेलं मिक्श्चर परत इनटेकमध्ये ढकलतो आणि गाडी घाटात मरते. त्यात महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी, म्हणजे आधीच दुष्काळ.

मग ब्रोशरमध्ये आकडा कसा वाढतो? हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम, भागिले एक ठरलेला आकडा. ४० न्यूटन मीटर टॉर्क ३००० ला मिळाला तर साधारण १७ हॉर्सपॉवर, तोच ६००० ला मिळाला तर डबल. टॉर्क नुसता वर सरकवला तरी आकडा फुगतो, खाली काय गेलं ते कोण छापतंय!

रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये ५२ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क आहे आणि त्यातला ८० टक्के २५०० आरपीएमलाच मिळतो असं कंपनी सांगते, म्हणजे तिथला स्टॉक (कंपनीचा) कॅमच टूरिंगचा आहे, त्याला उगाच कशाला हात लावायचा. बदलायचाच असेल तर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) थोडी जास्त आणि इनटेक लवकर बंद करणारा घ्यावा. पण लवकर बंद केल्यानं खालच्या आरपीएमला कॉम्प्रेशनचा दाब वाढतो, त्यामुळं उन्हात लोड घेऊन चढताना नॉकिंग (इंजिनातली टकटक) येतंय का याकडं कान ठेवायचा.

बसवताना घाई नडते. टायमिंग मार्क जुळवले म्हणजे झालं असं नाही, कॅम चेनचा एक दात जरी चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. लिफ्ट किंवा ड्युरेशन वाढलं असेल तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढून पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या खाचेत, पोरांची खेळायची क्ले लावायची, हेड तात्पुरतं कसायचं आणि स्पॅनरनं क्रँक सावकाश दोन फेरे फिरवायचा, स्टार्टर अजिबात मारायचा नाही. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं. मग क्ले ब्लेडनं कापून सगळ्यात पातळ जागा व्हर्निअरनं मोजायची, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर तेवढंच. सर्वसाधारण नियम कमीत कमी इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर, पण कॅमवाल्यानं वेगळं दिलं असेल तर तेच धरायचं. गंमत म्हणजे धोका व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर नसतो, पिस्टन टॉपला असताना दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या ओव्हरलॅपमध्ये असतो. स्प्रिंग पण बघा, जादा लिफ्टला तिचे वेढे एकमेकांना चिकटले तर पुढचं बोलायलाच नको. शेवटी इंजिन गार असताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायचे, पाचशेएक किलोमीटरनं परत बघायचे.

बीएस ६ गाडीत अजून एक लफडं आहे. ओव्हरलॅप जास्त असला की आयडलला थोडी ताजी हवा न जळताच सायलेन्सरकडं निघून जाते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अजून पेट्रोल सोडतो आणि गाडी काळा धूर टाकत भकभकते. म्हणून रिमॅपचा (ईसीयूची सेटिंग बदलायचा) खर्च कॅमच्या खर्चातच धरा. पीयूसीवाला पण आयडललाच नळी घालतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दलच आहे, वॉरंटी तर जातेच, तेव्हा जुना कॅम भंगारात देऊ नका, ऑइल लावून पिशवीत बांधून ठेवा.